सभेला कोण आलं नाही, ते आधी मोजा

गावात काम करायला नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एक शंभरपानी वही देते. सभेला कोण आलं त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात होतेच, त्यासाठी ही वही नाही. हिच्यात न आलेल्यांची नावं लिहायची. का आले नाहीत, त्यांच्यापर्यंत निरोप गेला होता का, गेला असेल तर तो कोणी दिला, हेही लिहायचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात ही वही वर्षभर इमानानं भरली, तर लोकसहभाग म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

मला हे उशिरा कळलं. औसा तालुक्यातल्या एका गावात मी बोलावलेली पहिली बैठक मारुतीच्या पारावर, सकाळी ११ वाजता झाली. विषय होता बोअर कुठं पाडायचा. ४५-५० माणसं जमली, चर्चा झाली, जागा एकमतानं ठरली. मी समाधानानं घरी आले. आठ दिवसांनी ओढ्यापलीकडच्या वस्तीकडं गेले, तर एक मावशी डोक्यावर घागर घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "ताई, मीटिंग कवा झाली वो? आमाला कुणी सांगितलंच नाही की." गावात सगळ्यांत लांबून पाणी आणणारी वस्ती तीच होती. एकमत झालं होतं ते ज्यांच्या दारात आधीच आड होता त्यांचं. बोअर पारामागं पडला, मावशींचा हेलपाटा होता तेवढाच राहिला. बैठक मी बोलावली होती, म्हणून ती चूक माझी. त्यानंतर जे शिकले ते क्रमानं सांगते.

पहिले १५ दिवस: फक्त फिरा

गावात पाय ठेवल्यावर सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना भेटा. ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच; २०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. आपण कोण, कशासाठी आलो, किती दिवस येणार, हे त्यांना सरळ सांगा. हे आधी केलं नाही तर महिन्याभरात "ही बाई कुठल्या पार्टीची?" असा प्रश्न फिरायला लागतो आणि मग तो पुसता पुसत नाही.

त्यानंतर १५ दिवस एकही बैठक घेऊ नका. आशाताईंबरोबर फिरा. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, हे त्यांना कागद न बघता माहीत असतं. अंगणवाडीताई, रेशन दुकानदार, पिठाची गिरणीवाले, लाइनमन, कोतवाल यांच्याशी बोला. गावठाणातल्या गल्ल्या संपल्या म्हणजे गाव संपलं असं समजू नका. परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या आखाड्यांवर सालगड्यांची घरं असतात. डोंगराच्या कडेला बंजाऱ्यांचा तांडा असतो. गावाच्या वेशीबाहेर एखाद्या पारधी कुटुंबाचं पाल असतं आणि "ते आमच्या गावचे नाहीत" असं गाव म्हणत असतं. वहीच्या पहिल्या पानावर नकाशा काढा आणि त्यात हे सगळं दाखवा. चांगला नकाशा बायकाच काढतात. शाळेच्या अंगणात रांगोळी दिली, की कोणता हातपंप कधी आटतो, रात्री कुठून जायला भीती वाटते, हे सगळं त्या जमिनीवर मांडतात.

चहाचं मात्र फार जपा. तुम्ही कोणाच्या ओट्यावर बसलात आणि कोणाच्या घरचं पाणी प्यालात, हे गाव तुमच्या भाषणापेक्षा जास्त लक्षात ठेवतं. मोठ्या वाड्यावर रोज चहा आणि बौद्ध वस्तीत फक्त "सर्वे" असं झालं, की तुमची जागा ठरून गेली. प्रत्येक गल्लीत पाणी मागून प्या. मुस्लिम मोहल्ल्यात आपांच्या, भाभींच्या हातचा चहा घ्या. तांड्यावर आधी नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना भेटा, मग घराघरातल्या याडींना, म्हणजे आयांना. ओळख वाढवायला येळवस उत्तम. लातूर, धाराशिव, नांदेडकडं वेळ अमावस्येला शेतकरी रस्त्यानं जाणाऱ्यालाही शेतात आंबील-भज्जीला बोलावतो. त्या दिवशी तीन-चार शेतांत तरी जेवा, आणि त्यातलं एक शेत असं निवडा जिथं कोणी पाहुणा जात नाही.

मराठवाड्यात काम करताना जुनी दुखणीही माहीत हवीत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत आणि तुमच्या बैठकीत समोरासमोर बसतात. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून ज्या गावात एका पंगतीला बसणं होतं तिथंही अंतर पडलंय. नव्या कार्यकर्त्यानं यावर पारावर बसून मत देऊ नये. एकेकाच्या घरी जाऊन ऐकावं. नाली, पाणी, शाळा, स्मशानभूमीचा रस्ता या प्रश्नांवर त्याच दोन बाजूंना एकत्र बसवता येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्याला वेळ लागतो, पण बसतात.

निरोप कोण देतो, यावर सगळं आहे

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी फळ्यावर लागते, दवंडी होते, हल्ली व्हॉट्सॲपवर येते. फळा वाचता आला पाहिजे. दवंडी गावठाणात फिरते, आखाड्यावर आणि तांड्यावर जात नाही. व्हॉट्सॲप ज्या फोनवर येतं तो फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. म्हणजे तिन्ही वाटांनी निरोप त्याच त्याच माणसांकडं जातो.

माझी पद्धत साधी आहे. दर १० घरांमागं एक निरोप्या, शक्यतो बाई, तीही त्याच गल्लीतली. बचत गटाच्या अध्यक्षाच निवडू नका, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. गिरणीवर, नळावर जिचं लोक ऐकतात ती शोधा. निरोप तोंडी द्यायचा, आणि ज्या भाषेत घर बोलतं त्या भाषेत. तांड्यावर गोरमाटीत. बिलोली-देगलूरच्या कडेला तेलुगू, उमरगा-उदगीरकडं कानडी बोलणारी घरं आहेत, मोहल्ल्यात दखनी आहे. मराठी सगळ्यांना समजते हे खरं, पण "तुम्हीपण या" हे आपल्या बोलीत ऐकलं की माणूस उठतो.

निरोपाचे शब्दही महत्त्वाचे. "ग्रामसभेस उपस्थित राहावे" ऐकून कोणीही मजुरी बुडवून येत नाही. "मंगळवारी तुमच्या गल्लीच्या नालीचं ठरणार हाय, तुमी नाही आलात तर ती दुसरीकडं जाईल" असं सांगितलं की येतात. अर्थात खरंच तसं असेल तरच सांगा.

वेळ: इथंच अर्धं गाव गळतं

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेनं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. या चार तारखा मराठवाड्याच्या शेतीच्या आणि मजुरीच्या कॅलेंडरवर ठेवून बघा.

२६ जानेवारीला बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या कितीतरी गावांतला ऊसतोड मजूर गावात नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटल्याशिवाय मधे परत यायचं नाव नाही. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. अशा गावात २६ जानेवारीला जो ठराव होतो तो गावातल्या सर्वांत गरीब घरांच्या माघारी होतो.

२ ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी ऐन भरात असते. बायका गुत्त्यावर, दिवस उगवायच्या आत शेतात. सकाळी ११ ची सभा ठेवली तर एका बाईला सभेसाठी आख्ख्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. आणि नेमकी हीच सभा महत्त्वाची, कारण ग्रामपंचायत विकास आराखड्याचं, म्हणजे पुढच्या वर्षीचा पैसा कशावर जाणार त्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं.

१ मे ला तोडवाले परतलेले असतात, पण ऊन ४०-४२ अंशांवर आणि लग्नसराई. १५ ऑगस्टला खुरपणी चाललेली असते, तरी झेंड्याला माणूस येतो.

मग करायचं काय? माझं उत्तर १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या राजवटीतून आपण सुटलो, म्हणून राज्यात इतरत्र नसतो तो झेंडा आपल्याकडं गावोगाव चढतो. सोयाबीन अजून उभं असतं, कोयते अजून गावात असतात, शाळेत सगळी जमलेली असतात. त्या दिवशी कायद्यानं ग्रामसभा नाही, नसू दे. झेंडावंदन झाल्यावर दुपारनंतर किंवा संध्याकाळी गल्लीगल्लीत छोट्या बैठका लावा. कोणाला काय पाहिजे ते कागदावर घ्या, अंगठे-सह्या घ्या. २ ऑक्टोबरला दोन आठवडे उरतात, नोटिशीसाठी सात दिवस लागतात, म्हणजे विषय अजेंड्यावर घ्यायला पुरेसा वेळ मिळतो. विषय लेखी द्या आणि पोच घ्या.

सभेची वेळ आणि जागा सरपंचांनी ठरवायची असते. तेव्हा २० बायकांच्या सह्यांनी "सभा संध्याकाळी ५ नंतर ठेवावी" असा अर्ज द्या. बहुतेक सरपंच मानतात. त्यांनाही गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पाहिजे असते. आठवडी बाजाराचा दिवस आणि शुक्रवारच्या नमाजची वेळ टाळायला सांगा.

तोडीला जाणाऱ्या घरांसाठी सप्टेंबरमध्येच एक पान वेगळं करा. कोण कोणत्या भागात जाणार, मागं कोण राहणार, लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळेकडं गेली का, गरोदर बाईचं कार्ड तिच्याजवळ आहे का, एका घरातला कोणता फोन तिकडं चालू राहणार. हे पान जानेवारीत कामाला येतं. फोन करून "सभेत हे ठरणार आहे, तुमचं काय म्हणणं?" एवढं जरी विचारलं, तरी त्या घराला आपण गावचे आहोत असं वाटतं.

जागा

थोडक्यात सांगते. मारुतीच्या देवळापुढं नको. तिथं कोणाला यायला मनाई आहे असं कोणी म्हणणार नाही, पण काही माणसं कधी येतच नाहीत, एवढं बघा. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण चांगलं. वर्षात एखादी बैठक तरी वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या, म्हणजे गावठाणातल्यांना ओढा ओलांडून चालत जावं लागेल आणि रस्त्यातला चिखल त्यांच्याही पायाला लागेल. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारा माणूस त्या जागी पोहोचेल का, ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

बायकांचा आवाज

कायदा सांगतो की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली पाहिजे. अनेक गावांत ती रजिस्टरातच होते. सह्या घरोघर फिरून घेतात. तुमचं पहिलं काम, ती सभा खरोखर भरवणं. अंगणवाडीत, दुपारी, लेकरांसह. तिथं ठरलेले मुद्दे लिहून मुख्य ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, आणि वाचणारी बाई आधी ठरलेली पाहिजे. तिला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. शेजारी कोण बसणार तेही ठरवा. भर सभेत एकटीनं उभं राहणं अवघड असतं, शेजारी जाऊ बसली असेल तर आवाज फुटतो.

२०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. खुर्चीवर सरपंचताई आणि बोलतात मात्र त्यांचे मालक, हे दृश्य तुम्हाला दिसेल. ताईंना चारचौघांत खाली पाहायला लावू नका. सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जा, अजेंडा त्यांच्याबरोबर वाचा, पहिल्या दोन विषयांवर त्याच बोलतील असं ठरवा. मी पाहिलेल्या सरपंचताई तिसऱ्या-चौथ्या सभेपर्यंत स्वतः माइक हातात घ्यायला लागल्या.

बाईला जमणार नाही असं कोणी म्हणालं तर किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात लातूर-धाराशिवच्या गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. घर कसं बांधायचं, अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, भिंतीत काय घालायचं, हे त्या घराघरात जाऊन सांगत. ज्यांनी आयुष्यात कधी तहसील पाहिलं नव्हतं त्या इंजिनिअरशी हुज्जत घालायला शिकल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं ते काम होतं. आजही त्या भागात फिरताना अशा आजी भेटतात, त्यांना बैठकीला बोलवा.

एकल बायकांसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवा. नवरा गेलेली, सोडलेली, लग्न न झालेली. आपल्याकडं शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या कितीतरी बायका आहेत. सभेला या म्हणण्याआधी तिच्या घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराचा उतारा, तिच्या नावावर आहे का, सातबाऱ्यावर वारस लागला का, रेशन कार्ड वेगळं झालं का, संजय गांधी निराधारचा अर्ज कुठं अडकलाय, हे विचारा. एखादं काम मार्गी लागलं की ती स्वतःहून सभेला येते आणि दुसरीला घेऊन येते.

मतदार यादी हेच ग्रामसभेचं दार

हे अनेकांना ठाऊक नसतं. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली सगळी माणसं. नाव नाही तर ठरावावर हात वर करता येत नाही. आणि नावं कोणाची नसतात? नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांची, त्यांचं नाव माहेरच्या यादीत पडून असतं. नुकत्या १८ पूर्ण झालेल्या पोरा-पोरींची. पालावर राहणाऱ्यांची. आखाड्यावरच्या सालगड्याची, जो गुढीपाडव्याला मालक बदलतो आणि गावही.

नवीन नावासाठी नमुना ६, दुसऱ्या गावातून नाव हलवायचं किंवा दुरुस्त करायचं तर नमुना ८ (हा मतदार यादीचा, घराच्या उताऱ्याचा वेगळा). वय मोजायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. गावचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतात. त्यांच्याबरोबर बसून यादी मोठ्यानं वाचा, गल्लीगल्लीनं. मेलेली, गेलेली, राहिलेली नावं तिथंच कळतात.

सभेत काय बघायचं

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या सभेला फिरकला नाहीत तर दुसऱ्या सभेत मूठभर लोक गावाचं ठरवतात.

सही करताना पानावर मजकूर आहे का ते बघा. रिकाम्या पानावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, हे निरोप्या बायकांना पाठ करून द्या. ठराव झाला की तो तिथंच मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, "प्रोसिडिंगला काय लिहिलं ते ऐकवा" असं नम्रपणे. सूचक कोण, अनुमोदक कोण, हेही लिहून घ्या. पुढं कधी ठरावाची नक्कल मागायची वेळ आली तर तारीख आणि क्रमांक वहीत असला पाहिजे.

पैशाचे प्रश्न विचारायला घाबरू नका, पण तयारी करून विचारा. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत ग्रामपंचायतीला आलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, बाकीचा ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे तीन आकडे लक्षात ठेवा. "मागच्या वर्षी दिव्यांगांचे ५ टक्के म्हणजे किती रुपये झाले, आणि ते कशावर गेले?" एवढा एक प्रश्न त्याच कुटुंबातल्या माणसानं विचारला की सभेचा नूर बदलतो. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आणि मेरी पंचायत ॲपवर दिसतो. गावातल्या बारावीच्या पोरांना ते उघडायला शिकवा, एका दुपारी शिकतात.

प्रश्न तुम्ही विचारू नका. तुम्ही बाहेरचे. ज्याचा प्रश्न आहे त्यानंच विचारायचा, तुम्ही मागच्या रांगेत बसायचं. सुरुवातीला हे फार जड जातं, मलाही गेलं.

ग्रामसभेची भीती वाटणाऱ्या नव्या माणसाला शाळा व्यवस्थापन समितीत बसवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिथं ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात. विषय ओळखीचा, माणसं कमी, आणि लेकरासाठी कोणीही बोलतं.

अर्ज, पोच, पाठपुरावा

आपल्याकडं तोंडी सांगायची सवय मोठी. "साहेबांला सांगितलंय, करतो म्हणले." तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का, सही, तारीख. पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्याचा अर्ज त्याच्याच घरी ठेवा, तुमच्या पिशवीत नको.

ग्रामपंचायतीत काम झालं नाही तर पंचायत समिती, तहसील. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारी. तालुक्याला आधी अर्ज दिलेला असेल तरच जिल्ह्याला जा.

माहिती अधिकार हे चांगलं हत्यार आहे, म्हणूनच ते शेवटी काढा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, १५० शब्दांत, उत्तर ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. गावात आल्या आल्या माहिती अधिकार टाकणाऱ्या कार्यकर्त्यापासून ग्रामसेवकही सावध राहतो आणि गावही. आधी तोंडी मागा, मग लेखी, मग हे.

निवडणूक लागली की तीन-चार आठवडे बैठका थांबवा, कोणाच्याही गाडीत बसू नका, कोणाच्याही रॅलीचा फोटो स्टेटसला ठेवू नका. यादीचं काम तेवढं चालू ठेवा.

शहरात, म्हणजे संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या वॉर्डात, हेच काम भाडेकरूंच्या घरांपासून सुरू करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा शहराच्या कोणत्या भागात टँकर कधी येतो हे सर्वांत उशिरा कळायचं ते भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांना. घरमालकाला निरोप मिळतो, भाडेकरूला नाही. वहीत ते पान पहिलं ठेवा.

सभेनंतरचे आठ दिवस

सभा झाली की काम संपलं असं वाटून आपण पुढच्या गावाला निघतो. तसं करू नका. आठ दिवसांच्या आत वही घेऊन न आलेल्यांच्या घरी जा. काय ठरलं ते सांगा, त्यांना ते पटतं का विचारा. रागवायचं नाही, "का आला नाहीत" असा जाबही विचारायचा नाही. कारण तेवढं लिहायचं: मजुरी, आजारपण, निरोप नाही, नवरा नको म्हणाला, मागच्या वेळी बोललो तर कोणी ऐकलं नाही. तीन सभांनंतर ही कारणं एकाखाली एक वाचा. पुढच्या सभेची वेळ, जागा आणि निरोप्या कोण, हे त्यातूनच ठरतं. ज्या गल्लीत "निरोप नाही" तीनदा आलं तिथली निरोपी बदला. जिथं "कोणी ऐकलं नाही" आलं, तिथं तो जुना विषय पुन्हा लेखी देऊन अजेंड्यावर आणा.

ओढ्यापलीकडच्या त्या वस्तीचा बोअर दोन वर्षांनी पडला. मधल्या काळात तिथल्या बायकांनी ११ अर्ज दिले. पहिल्या चारांची पोच आमच्याकडं नव्हती, म्हणून ते मोजता आले नाहीत. वही आता त्या वस्तीतल्या अंगणवाडीत असते. १७ सप्टेंबरला ती बाहेर काढतात आणि आदल्या वर्षीच्या पानावरची नावं आधी वाचतात.